ऑक्सिजनवाचून तगणाऱ्या गाठी: आक्षेप आणि उत्तर

कर्करोगाची गाठ ज्या वेगाने वाढते त्या वेगाने तिच्यातल्या रक्तवाहिन्या वाढत नाहीत. ज्या तयार होतात त्याही वेड्यावाकड्या, गळक्या आणि मधूनच बंद पडणाऱ्या असतात. त्यामुळे गाठीचे काही भाग ऑक्सिजनवाचून राहतात. तेथल्या काही पेशी मरतात, पण सगळ्या मरत नाहीत. तगून राहिलेल्या पेशींवर किरणोपचाराचा परिणाम कमी होतो. किरणांमुळे पेशीत मुक्त मूलके तयार होऊन डीएनएला इजा होते आणि ऑक्सिजन ती इजा कायम करतो. तो नसेल तर पेशी इजा भरून काढते. परिणामी ऑक्सिजनवाचूनच्या पेशी मारायला अडीच ते तीनपट मात्रा लागते.

हे ज्ञान मुख्यतः ब्रिटनमध्ये घडले. एल. एच. ग्रे आणि सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये ऑक्सिजनचा किरणोपचारावरील प्रभाव मांडला. १९५५ मध्ये थॉमलिन्सन आणि ग्रे यांनी फुफ्फुसाच्या कर्करोगाचे छेद तपासले. रक्तपुरवठ्यापासून साधारण १५० ते २०० मायक्रॉन अंतरापलीकडे पेशी मृत असल्याचे त्यांना दिसले. त्या सीमेवरच्या अर्धवट उपाशी पेशीच किरणांना दाद देत नसाव्यात, हा निष्कर्ष पुढच्या सत्तर वर्षांच्या प्रयत्नांचा पाया ठरला. या प्रयत्नांचे फलित काय, यावर मात्र एकमत नाही.

पूर्वपक्ष असा: तत्त्व प्रयोगशाळेत खरे असले तरी रुग्णालयात ते हरले. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात चर्चिल-डेव्हिडसन यांनी १९५० च्या दशकात रुग्णाला बंद टाकीत ठेवून तीन वातावरणांच्या दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन देत किरणोपचार केले. ही पद्धत अवजड होती आणि ती मागे पडली. मग ऑक्सिजनची नक्कल करणारे मिसोनिडाझोल आले. ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या चाचण्यांत त्याचा लाभ दिसला नाही, आणि हातापायांच्या नसांना होणाऱ्या इजेमुळे मात्राही वाढवता येईना. शिवाय किरणोपचार अनेक हप्त्यांत दिला की हप्त्यांच्या मधल्या काळात गाठीत ऑक्सिजन पुन्हा पोहोचतोच. मग वेगळा खटाटोप कशाला?

यातला पहिला मुद्दा अर्धसत्य आहे. उच्च दाबाच्या ऑक्सिजनने डोके-मान आणि गर्भाशयमुख यांच्या कर्करोगावरील काही चाचण्यांत गाठीवरचे नियंत्रण सुधारले होते. मूत्राशयाच्या चाचणीत मात्र नाही. पद्धत गैरसोयीची आणि धोक्याची होती, निष्फळ नव्हती. मिसोनिडाझोलच्या अपयशावरून कळते ते इतकेच की पुरेशी मात्रा देता येत नाही असे औषध कामाचे नाही. डेन्मार्कमध्ये त्याच कुळातले, पण कमी विषारी असे निमोराझोल घशाच्या आणि स्वरयंत्राच्या कर्करोगात वापरले गेले. तेथे पाच वर्षांनी गाठ आटोक्यात राहिलेल्यांचे प्रमाण ३३ टक्क्यांवरून ४९ टक्क्यांवर गेले.

हप्त्यांचा मुद्दाही पुरता टिकत नाही. पुनःपुरवठा होतो हे खरे, पण सर्व गाठींत सारखा होत नाही. तो सर्वत्र पुरेसा असता, तर हप्त्यांतच दिलेल्या उपचारात डेन्मार्कला हा फरक दिसला नसता.

सर्वांत गंभीर आक्षेप अलीकडचा आहे. निमरॅड या ब्रिटनमधील चाचणीत डोके-मानेच्या कर्करोगाच्या ३३८ रुग्णांना किरणोपचारासोबत निमोराझोल किंवा लुटुपुटुचे औषध देण्यात आले. हे रुग्ण केमोथेरपीला अपात्र आणि बहुतांशी वयस्क होते. गाठीतील ऑक्सिजनची कमतरता २६ जनुकांच्या चाचणीने ठरवली होती. तरीही अधिक कमतरतेच्या गटातसुद्धा निमोराझोलचा लाभ सिद्ध झाला नाही. या निकालाला बगल देता येत नाही. आधुनिक किरणोपचारासोबत अशा रुग्णांना निमोराझोल सरसकट देण्याचा आग्रह त्यामुळे समर्थनीय राहत नाही. मात्र येथे नापास झाले ते एक औषध आणि रुग्ण निवडण्याची एक कसोटी. निमोराझोल गाठीत ऑक्सिजन आणत नाही, त्याच्या जागी उभे राहते. प्रत्यक्ष ऑक्सिजन पोहोचवण्याच्या उपायांविषयी या निकालावरून काहीच ठरत नाही.

असा उपाय ब्रिटनमध्येच मूत्राशयाच्या कर्करोगासाठी तपासला गेला. नॉर्थवुडच्या माउंट व्हर्नन केंद्राच्या पीटर हॉस्किन यांच्या पुढाकाराने झालेल्या बीकॉन चाचणीत ३३३ रुग्ण होते. एका गटाला किरणोपचारासोबत कार्बोजेन, म्हणजे ९८ टक्के ऑक्सिजन व २ टक्के कार्बन डायऑक्साइड, श्वासातून आणि निकोटिनामाइड तोंडावाटे दिले. गाठीतील कमतरता दोन प्रकारची असते: रक्तवाहिनीपासून दूर असल्याने कायमची, आणि वाहिनी बंद पडल्याने तात्पुरती. कार्बोजेन पहिलीवर काम करतो, निकोटिनामाइड दुसरीवर. तीन वर्षांनी जिवंत असलेल्यांचे प्रमाण ४६ टक्क्यांवरून ५९ टक्क्यांवर गेले.

विरोधक येथेही बोट ठेवतात: चाचणीचा मुख्य निकष सहा महिन्यांनंतरच्या दुर्बीण तपासणीचा होता आणि त्यात ८१ विरुद्ध ७६ टक्के हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या निर्णायक नव्हता. आक्षेप रास्त आहे. म्हणूनच पुढचा पुरावा महत्त्वाचा ठरतो. साठवलेल्या बायोप्सींच्या फेरतपासणीत लाभ मुख्यतः ज्या गाठींत ऊतींचा मृत भाग, म्हणजे नेक्रोसिस, होता त्यांच्यातच दिसला. दहा वर्षांच्या पाठपुराव्यात एकूण गटातला फरक ओसरला, पण या गाठींत तो टिकला. थॉमलिन्सन-ग्रे यांच्या निरीक्षणावरून अपेक्षित होते तेच हे चित्र आहे. ते नंतर केलेल्या विश्लेषणातून आले असल्याने अंतिम नव्हे. तरी कोणत्या रुग्णाला उपाय द्यावा याची दिशा ते दाखवते. ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०१५ च्या मार्गदर्शिकेत मूत्राशयाच्या किरणोपचाराला पूरक म्हणून केमोथेरपीखेरीज कार्बोजेन-निकोटिनामाइडचा पर्यायही नमूद केला.

दुसऱ्या टोकाची अतिशयोक्तीही खोडायला हवी. कर्करोगाला ऑक्सिजन मानवत नाही, म्हणून केवळ ऑक्सिजन घेतल्याने तो बरा होतो, असा दावा केला जातो. ऑटो वॉरबुर्ग यांच्या चयापचयविषयक संशोधनाचा त्यासाठी आधार घेतला जातो, पण त्यातून असा निष्कर्ष निघत नाही. वरील सर्व चाचण्यांत ऑक्सिजन किंवा त्याची जागा घेणारे औषध हे किरणोपचाराला साहाय्यक होते, पर्याय नव्हे. रक्त वाढवून ऑक्सिजन पोहोचवण्याचा मार्गही सरळ नाही. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत डोके-मानेच्या रुग्णांना एरिथ्रोपोएटिन दिल्यावर हिमोग्लोबिन वाढले, पण गाठीवरचे नियंत्रण बिघडले.

या पुराव्यातून ठाम निघते ते एवढे: ऑक्सिजनची कमतरता हा किरणोपचाराचा खरा अडथळा आहे, पण तो दूर करण्याचा एकच उपाय सर्व गाठींना लागू नाही. मूत्राशयाच्या ज्या गाठींत नेक्रोसिस दिसते, तेथे कार्बोजेन आणि निकोटिनामाइड यांचा विचार आधी व्हावा, विशेषतः केमोथेरपी झेपणार नाही अशा रुग्णांसाठी. डोके-मानेच्या रोगात नव्या कसोटीवाचून नवे औषध आणू नये. पुढील चाचण्यांनी आधी कमतरता मोजावी, रुग्ण निवडावा आणि मगच उपाय द्यावा.