सर्किट आधी रोज चालावे, मग गाजावे : सुरत शहरी विकास प्राधिकरणास खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष व सदस्य,
सुरत शहरी विकास प्राधिकरण, सुरत

विषय : उधन्याच्या दक्षिणेस मोटारशर्यतीचे लहान सर्किट उभारणे व त्याचा नित्य वापर

मोटारशर्यतीचे सर्किट म्हणजे वाहतुकीपासून पूर्ण तोडलेला, वळणांचा आणि आरंभाशीच परत येणारा बंदिस्त रस्ता. त्याच्या कडेला गाडी घसरल्यास वेग जिरवणारी मोकळी पट्टी, टायरच्या भिंती, दुरुस्तीची जागा म्हणजे पिट, आणि झेंड्यांनी चालकांना सूचना देणाऱ्या मार्शलांची ठाणी असतात. देशातील अशा सर्किटांची परंपरा प्रामुख्याने तमिळनाडूत रुजली, आणि पश्चिम भारतातील चालकाला राष्ट्रीय स्पर्धेसाठी आजही बहुधा तिकडेच जावे लागते. २०२४ मध्ये मोटारशर्यतीचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला डायना पंडोले या पुण्याच्या, पण त्यांच्या यशाची भूमी मात्र चेन्नईजवळची. सुरतेसारख्या यंत्रांच्या शहराने या खेळाकडे अजून गांभीर्याने पाहिलेले नाही, आणि पाहायचे ठरवल्यास कोणता कित्ता गिरवू नये, हे आधी सांगणे आवश्यक आहे.

ग्रेटर नोएडातील बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किट २०११ मध्ये तयार झाले. पाच किलोमीटरहून अधिक लांबीच्या या मार्गावर त्या वर्षी ३० ऑक्टोबरला भारतातील पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली, आणि २०११, २०१२ व २०१३ या तिन्ही वर्षी सेबास्टियन वेट्टेल तेथे जिंकले. त्यानंतर करांच्या वादात आणि उभारणाऱ्या उद्योगसमूहाच्या आर्थिक अडचणींत ती शर्यत थांबली. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये मोटरसायकलींची जागतिक मोटोजीपी स्पर्धा तेथे आली, पण पुढच्या वर्षी तीही झाली नाही. हैदराबादेत फेब्रुवारी २०२३ मध्ये शहराच्या रस्त्यांवर विजेच्या गाड्यांची फॉर्म्युला ई शर्यत झाली, आणि तिचीही दुसरी फेरी झाली नाही. तीन दिवसांच्या पाहुण्यासाठी वाडा बांधला की उरलेले बारा महिने त्याची झाडलोट कोणी करायची, हा प्रश्न उद्घाटनाच्या फितीमागे दडून राहतो.

कोइमतूरचा मार्ग वेगळा होता, आणि सुरतेला तो अधिक जवळचा आहे, कारण तेही कापडगिरण्यांचे, ओतकामाचे आणि पंपांच्या कारखान्यांचे शहर. तेथील एस. करिवर्धन यांनी मारुती ८०० चे इंजिन बसवलेली एकआसनी फॉर्म्युला मारुती गाडी घडवली. अशी गाडी परदेशातून आणण्याची ऐपत ज्यांच्याकडे नव्हती, त्यांना तिने शर्यतीचे दार उघडून दिले. १९९५ मध्ये विमान अपघातात त्यांचे निधन झाले, आणि चेट्टिपाळयम येथील जुन्या हवाई धावपट्टीवर पुढे झालेल्या सुमारे २.१ किलोमीटरच्या सर्किटला त्यांचेच नाव मिळाले. २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरलेले पहिले भारतीय नारायण कार्तिकेयन हे याच शहराचे. येथे क्रम महत्त्वाचा आहे : आधी गाडी घडवणारे मिस्त्री आणि हौशी चालक झाले, सर्किट त्यांच्या मागून आले. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबही शोलावरमच्या युद्धकालीन धावपट्टीवर अनेक वर्षे शर्यती भरवत राहिला, आणि १९९० मध्ये कुठे इरुंगट्टुकोट्टै येथे त्याचे स्वतःचे सर्किट सुरू झाले.

मराठी मुलखात हेच चित्र लहान आकारात कोल्हापूरने दाखवले. मोहिते रेसिंग अकॅडमीच्या कार्टिंग ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या झाल्या, आणि ध्रुव मोहिते, कृष्णराज महाडिक यांच्यासारखे चालक त्या शहरातून पुढे आले. गुजरातेत वडोदऱ्याच्या मीरा एर्डा यांचा आरंभही लहानपणीच्या कार्टिंगमधूनच झाला. कार्ट म्हणजे स्प्रिंग नसलेली, जमिनीला जवळजवळ टेकलेली चौकट. तिची मागची चाके एकाच अखंड आसावर असतात, त्यामुळे वळणावर आतले मागचे चाक किंचित उचलले गेले नाही तर गाडी अडखळते, आणि हे उचलणे चौकटीच्या लवचिकपणावर आणि पुढच्या चाकांच्या कोनावर ठरते. ज्या तरुणाने मागावरच्या धाग्याचा ताण हाताने ओळखायला शिकून घेतले आहे, त्याला या चौकटीचा स्वभाव समजावून सांगायला फार वेळ लागणार नाही.

असे तरुण सुरतेच्या उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत विपुल आहेत. जळगावला निघणारी रेल्वे उधन्याहूनच फुटते, आणि धुळे, नंदुरबार, जळगाव येथून आलेल्या कुटुंबांच्या दोन-तीन पिढ्या येथील लूम, प्रक्रिया गिरण्या आणि गॅरेजांत राबल्या. त्यांची मुले महापालिकेच्या मराठी शाळांतही शिकली. मोटार वाहन कायद्याचे कलम १८९ सार्वजनिक ठिकाणी शासनाच्या लेखी परवानगीविना शर्यत लावणे हा गुन्हा मानते, आणि ते योग्यच आहे; परंतु वेगाची ओढ असलेल्या मुलाला रस्त्यावरून हटवताना त्याने जावे कोठे, याचे उत्तर कोणत्याही कलमात नाही. सर्किट झाले की रस्त्यावरचा उन्माद आपोआप ओसरेल, असा दावा मात्र या पत्रात नाही. तसा दावा करणारे सल्लागार भेटल्यास प्राधिकरणाने सावध असावे.

जागेचा विचार येथे सर्वांत कठीण आहे. दक्षिण गुजरातची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर नुसता डांबराचा थर दिला तर दोन-तीन पावसाळ्यांत वळणांवर लाटा उठतात, म्हणून माती बदलणे किंवा चुन्याने स्थिर करणे आणि पाण्याचा निचरा या दोन बाबींवर पृष्ठभागाइतकाच खर्च धरावा लागेल. लिंबायतच्या बाजूला खाडीपूर, म्हणजे खाडीला येणारा पूर, काय असतो ते रहिवाशांना पुरते ठाऊक आहे. खाडीच्या पात्राकडे जाणारे पाणी अडवणारा कोणताही भराव सर्किटच्या नावाखाली होता कामा नये. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार दिवसा निवासी भागात ५५ आणि औद्योगिक भागात ७५ डेसिबलची मर्यादा आहे. म्हणून सचिन औद्योगिक वसाहतीच्या दिशेने, कारखान्यांच्या शेजारची जागा सोयीची ठरेल. गुजरातेत नगररचना योजनेत, म्हणजे बोलीभाषेतल्या टीपीत, मालकांच्या जमिनी एकत्र करून पुन्हा आखताना सार्वजनिक उपयोगासाठी भूखंड राखले जातात. त्यांतून शाळा-दवाखान्यांचे भूखंड न हलवता ही जागा निघाली तरच ती घ्यावी.

श्रीमंतांच्या शौकासाठी सार्वजनिक जमीन कशाला, हा आक्षेप खरा आहे, आणि त्याचे उत्तर वापराच्या वेळापत्रकातच देता येते. सुमारे सव्वा किलोमीटरचा, कार्ट आणि कमी क्षमतेच्या मोटरसायकलींना पुरणारा मार्ग आठवड्यातील चार दिवस अवजड वाहनांच्या आणि रुग्णवाहिकांच्या चालकांना ओल्या रस्त्यावर ब्रेक मारण्याचे शिक्षण देण्यासाठी, आयटीआयच्या विद्यार्थ्यांसाठी आणि विजेच्या दुचाकींच्या चाचणीसाठी ठेवावा. शर्यतीच्या सरावाला उरलेले दिवस पुरेसे आहेत. कार्ट संस्थेच्या मालकीच्या असाव्यात आणि तासाच्या भाड्याने मिळाव्यात, कारण स्वतःची कार्ट, टायर आणि सुटे भाग आणणाऱ्यांसाठीच मार्ग खुला राहिला तर लूमवर काम करणारा तरुण कुंपणाबाहेरच उभा राहील. मार्शलांचे प्रशिक्षण भारतीय मोटारक्रीडा महासंघाच्या नियमांप्रमाणे व्हावे आणि त्यात स्थानिक तरुणांना मानधन मिळावे.

निविदा काढण्यापूर्वी प्राधिकरणाने दोन कागद गुजराती, हिंदी आणि मराठीत जाहीर करावेत : पहिल्या वर्षाचे दिवसनिहाय वेळापत्रक, आणि दहा वर्षांच्या देखभालीचा खर्च कोठून येणार याचा तपशील. प्रेक्षकांच्या गॅलरीचा आराखडा त्यानंतर आला तरी चालेल.