ड्रॉइंग रूममधला ग्लास आणि वस्तीतला पव्वा

बुलडाण्यातल्या एका गृहप्रवेशाला आम्ही गेलो होतो. सकाळी भन्तेजींनी परित्राणपाठ केला, उपस्थितांनी त्रिशरण-पंचशील घेतले, खीरदान झाले. संध्याकाळी त्याच हॉलमध्ये, बाबासाहेबांच्या फोटोपासून दहा पावलांवर, घरमालक साहेब मित्रांना 'ओल्ड फॅशन्ड' करून दाखवत होते. जाड बुडाचा ग्लास, त्यात साखरेचा खडा, खड्यावर बिटर्सचे दोन-तीन थेंब, चमचाभर पाणी. ते घोटून झाले की ६० मिली व्हिस्की, बर्फाचा मोठा तुकडा आणि वरून संत्र्याची साल पिळायची. "ही दारू नव्हे, कॉकटेल आहे. घरात बसून, सभ्यपणे," साहेब म्हणाले. आम्ही पाणी पिऊन निघून आलो. उत्तर द्यायचे राहिले, ते इथे देतो.

१८०६ साली न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या एका वर्तमानपत्राने 'कॉकटेल' म्हणजे काय ते छापले होते : कुठलीही दारू, साखर, पाणी आणि बिटर्स. साहेबांच्या ग्लासात नेमके हेच होते. यातून साखर, पाणी आणि बिटर्स वजा करा. उरते काय? ६० मिली दारू, म्हणजे १८० मिलीच्या पव्व्याचा तिसरा हिस्सा. आपल्याकडच्या अनेक स्वस्त व्हिस्कींचा पाया उसाच्या मळीपासून काढलेले स्पिरिट हाच आहे आणि देशी दारूचाही तोच. मग एकाला 'बेवडा' आणि दुसऱ्याला 'शौकीन' कोण ठरवते?

ठरवणारी व्यवस्था आपल्या ओळखीची आहे. जून २०२५ मध्ये राज्य सरकारने १८० मिलीच्या बाटलीच्या किमान किमती ठरवल्या : देशी ८० रुपये, 'महाराष्ट्र मेड लिकर' १४८, भारतीय बनावटीची विदेशी २०५ आणि प्रीमियम विदेशी ३६०. चार पायऱ्या! बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, ती आता बाटलीतही उतरली आहे. प्रत्येक पायरीवरचा माणूस खालच्या पायरीवरच्याला नाक मुरडतो आणि चारही पायऱ्यांवरचा पैसा एकाच तिजोरीत जातो.

कायद्याचेही तसेच. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागतो, घरात प्यायची असली तरी. फ्लॅटची बेल वाजवून तो परवाना कोणी विचारल्याचे आम्ही कधी ऐकले नाही. वस्तीत मात्र धाड पडते. १९८१ च्या स्थानबद्धतेच्या कायद्याच्या नावातच झोपडपट्टीगुंडांच्या शेजारी 'हातभट्टीवाले' बसवले आहेत. हातभट्टीचे आम्ही समर्थन करत नाही. तिने माणसे मारली आहेत. पण गुन्हेगाराचा पत्ता पिण्यावरून ठरतो की वस्तीवरून, एवढाच आमचा प्रश्न आहे.

आता आपल्याच माणसांचे दोन युक्तिवाद घेऊ. पहिला : "दारू सोडा म्हणणे हे ब्राह्मणी सोवळे आहे." समाजशास्त्र शिकलेले मित्र यासाठी एम. एन. श्रीनिवासांच्या 'संस्कृतीकरणा'चा दाखला देतात. वरच्या जातीत शिरण्यासाठी खालच्या जाती मांस-मदिरा सोडतात, हे त्यांचे निरीक्षण खरे आहे. पण १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दारू न पिण्याची प्रतिज्ञा घेणाऱ्यांना कुठल्याही वरच्या जातीत शिरायचे नव्हते. त्यांना जातच सोडायची होती. पाचवे शील विटाळाबद्दल बोलत नाही, ते प्रमादाबद्दल बोलते. ज्याने भान सुटते ते टाळा, एवढेच ते सांगते. भान सुटलेला समाज लढू शकत नाही.

दुसरा युक्तिवाद : "हे आधुनिकतेचे, जगाशी जोडले जाण्याचे लक्षण आहे." जगाशी जरूर जोडून घ्या, पण पूर्ण इतिहासाशी. ज्या जॅक डॅनियलची बाटली साहेबांच्या कपाटात दिसली, त्या जॅक डॅनियलला दारू गाळायला शिकवणारा माणूस होता निअरेस्ट ग्रीन, टेनेसीतला एक कृष्णवर्णीय गुलाम. बाटलीवर नाव शागिर्दाचे लागले. उस्तादाचे नाव जगासमोर ठळकपणे यायला २०१६ साल उजाडावे लागले. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले, १९७२ मध्ये आपल्या तरुणांनी पँथर हे नाव घेतले. कृष्णवर्णीयांशी आपले नाते असे जोडले गेले. त्यांच्या घामाची बाटली कपाटात सजवून ते पुढे जात नाही.

"आमच्या घरात आम्ही काय प्यावे हे तुम्ही कोण सांगणार?" असेही विचारले जाईल. आम्ही कोणीच नाही. पण डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी बायकांना सांगितले होते की, नवरा किंवा मुलगा दारू पिऊन आला तर त्याला जेवायला वाढू नका. म्हणजे घरातली दारू हा 'खाजगी मामला' त्यांनी मानलाच नाही. आज गावातले दुकान बंद करायला निम्म्याहून जास्त महिला मतदारांना 'आडव्या बाटली'वर शिक्का मारावा लागतो. मजुरी बुडवून, नवऱ्याच्या शिव्या खाऊन त्या रांगेत उभ्या राहतात. त्यांच्या मुलीला शिकवायला, चार शब्द सांगायला जो शिकलेला साहेब जातो, त्याच्या घरची बाटली उभीच असेल तर ती मुलगी त्याचे कशाला ऐकेल?

चूक आमचीही आहे, ती कबूल करतो. इतकी वर्षे आम्ही व्यसनमुक्तीची शिबिरे घेतली ती फक्त वस्त्यांमध्ये. ऑफिसर कॉलनीत एकही घेतले नाही. तिथे चहा मिळत होता, वर्गणी मिळत होती, म्हणून गप्प बसलो. यापुढे कॉलनीतूनच सुरुवात करू.

साहेब, संत्र्याची साल पिळल्याने दारूची जात बदलत नाही. सकाळी घेतलेले शील संध्याकाळपर्यंत तरी टिकले पाहिजे.

जय भीम! नमो बुद्धाय!