‘वय झालं होतं’ हे कारण नव्हे

मुळशीतल्या आमच्या रिह्यात पावसाळा म्हणजे ओलं सरपण आणि घरभर धूर. याच दिवसांत एखादी बुजुर्ग व्यक्ती खोकल्याचं निमित्त होऊन जाते. मयतीला आलेले म्हणतात, “न्युमोनिया झाला होता. वय झालं होतं. अल्लाहची मर्जी.” मर्जीबद्दल माझा वाद नाही. वयाबद्दल आहे.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच माणसांना, अगदी दायांनासुद्धा, न्युमोनिया ओळखून साधं प्रतिजैविक द्यायला शिकवलं. १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले. जिथे हे काम चाललं, तिथे न्युमोनिया झालेल्या मुलांपैकी ०.८ टक्के दगावली. तुलनेसाठी घेतलेल्या शेजारच्या गावांत १३.५ टक्के. जिल्हा तोच, गरिबीही तीच. फरक होता तो वेळेवर ओळखण्याचा.

म्हाताऱ्या माणसांचा न्युमोनिया जास्त फसवा. कधी तापच नसतो, माणूस जेवण सोडतो, असंबद्ध बोलतो आणि घरचे म्हणतात, “दादी आता भ्रमिष्ट झाली.” डॉक्टर पाच गोष्टी बघतात: गोंधळलेपण, मिनिटाला ३० किंवा जास्त श्वास, उतरलेला रक्तदाब, रक्तात वाढलेलं युरिया आणि ६५ किंवा अधिक वय. २००३च्या अभ्यासात यातली एखादीच खूण असलेल्यांपैकी (किंवा एकही नसलेल्यांपैकी) दीड टक्का महिनाभरात दगावले. तीन किंवा जास्त असलेल्यांपैकी २२ टक्के. वय तर यातली फक्त एक खूण! आणि श्वास मोजायला डॉक्टर लागत नाही. मोबाइलमधलं घड्याळ पुरतं.

जंतू बहुतेकदा न्यूमोकोकस, कधी फ्लूचा विषाणू. आपल्याकडे क्षयही याच रूपात येतो. चुलीचा धूर, विडी आणि मधुमेह त्याला वाट करून देतात. न्यूमोकोकसची लस २०२१पासून देशभर बाळांना मोफत मिळते. अशी एक स्वस्त लस तर पुण्याच्या ‘सीरम’मध्येच बनते. पण साठी-सत्तरीच्या माणसाने ती घ्यायची तर खिशातून. गंमत बघा, हजला निघालेल्या नानांना फ्लूची लस आठवणीने टोचली जाते; घरात चुलीपुढे बसलेल्या नानीला कुणी विचारतही नाही.

ग्रामसभेत रस्ता आणि गटार यांवर तासभर बोललं जातं. या वेळी मी वृद्धांच्या लसीचा विषय लेखी देणार आहे. घोटावडे, पिरंगुट, पौडच्या मित्रांनीही आपापल्या गावात द्यावा. आणि आज रात्री घरातलं म्हातारं माणूस खोकत असेल, तर शेजारी बसून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. तीसच्या वर गेले, तर सकाळची वाट बघू नका.