घरभाडे वाचले, पेट्रोल लागले

पुण्यात घर परवडत नाही, ही तक्रार आता इतकी जुनी झाली आहे की तिने कोणी दचकत नाही. पण ज्याने पुण्यात घर शोधलेच नाही, त्याच्या घराचा हिशेब कोण ठेवतो? इंदापूर तालुक्यातल्या कळसमधून आयटीआय किंवा डिप्लोमा करून बाहेर पडणाऱ्या पोरापुढे दोन वाटा असतात. एक चाकण, रांजणगाव नाही तर हिंजवडीची. तिथे चौघांत एक खोली किंवा ‘कॉट बेसिस’, मेसचा डबा आणि सणासुदीला गाव. दुसरी वाट बारामतीच्या एमआयडीसीची. तिथे पगार पुण्याहून कमी, पण राहायचे घरी आणि रोज ‘अप-डाऊन’ करायचे. दुसरी वाट धरणाऱ्याला गावात शहाणा समजतात. घर बापाचे, भाकरी आईच्या हातची, भाडे शून्य.

भाडे शून्य असले तरी खर्च शून्य नाही. एका बाजूचे अंतर तीस किलोमीटर आणि कामाचे दिवस सव्वीस धरले, तर महिन्याची धाव दीड हजार किलोमीटरच्या वर जाते. लिटरला पन्नास किलोमीटर देणाऱ्या दुचाकीला एकतीस लिटर पेट्रोल लागते. लिटरचा भाव शंभराच्या वर आहे. म्हणजे तीन हजार रुपये टाकीतच गेले. गाडीचा हप्ता, टायर आणि ऑइल वेगळे. पुण्यात कॉटसाठी मोजायचे पैसे तो पंपावर मोजतो. शिवाय जाण्यायेण्याचे दोन तास कोणत्याच मस्टरवर लागत नाहीत.

एसटी आहे की, असे कोणी म्हणेल. आहे, आणि तिचा मासिक पासही आहे. पण तिचे वेळापत्रक शाळा, कॉलेज आणि बाजार पाहून आखलेले असते. दुसरी पाळी रात्री अकराला सुटते, तेव्हा आडबाजूच्या गावाकडे जाणारी बस मिळणे मुश्कील. कारखान्याची बस असलीच, तर ती मोठ्या रस्त्याने जाते आणि बऱ्याच ठिकाणी कंत्राटी कामगारासाठी नसते. उरते दुचाकी. ऊस गाळपाच्या हंगामात त्याच अंधाऱ्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात आणि मागच्या ट्रॉलीला लाल दिवा असेलच याची खात्री नसते. बारामती-इंदापूर पालखी मार्ग रुंद झाला, हे चांगलेच. पण कळसच्या पोराचा प्रवास त्या मार्गापाशी संपत नाही. गावाकडे वळणाऱ्या अरुंद रस्त्यावर तो पुढे चालूच असतो.

हे सारे ज्याचे त्याने निवडलेले आहे, तक्रार कसली, असा युक्तिवाद होतो. तो अर्धाच खरा. कामगाराने कुठे राहावे हे तो ठरवतो, पण त्याला किती पगार द्यावा हे ठरवताना तो घरी राहतो हे धरलेले असते. राज्यात बऱ्याच उद्योगांचे किमान वेतन परिमंडळांनुसार ठरते. महापालिका हद्दीत जास्त, लहान गावांत कमी. गावात राहणे स्वस्त, म्हणून मजुरीही स्वस्त, असा त्यामागचा हिशेब. त्या स्वस्ताईचा उरलेला खर्च मग शेती उचलते. धान्य घरचे, दूध गोठ्यातले, लहान मूल आजीच्या अंगाखांद्यावर. कारखान्याच्या ताळेबंदात ज्याची नोंद नाही असे हे अनुदान सरकार देत नाही, कामगाराचे आईबाप देतात. आणि तेच आईबाप उसाच्या बिलाची वाट पाहत असतात.

किमान वेतनात काय धरायचे, हे 1957 साली पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने सांगितले. अन्न, कापड, घरभाडे, इंधन, दिवाबत्ती. सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये रेप्टाकोस ब्रेट खटल्यात मुलांचे शिक्षण, औषधपाणी, म्हातारपण यांची भर घातली. 2019 च्या वेतन संहितेसाठी 2020 मध्ये आलेल्या केंद्रीय मसुदा नियमांत घरभाडे अन्न-वस्त्राच्या खर्चाच्या दहा टक्के धरले होते. यातल्या एकाही यादीत कामावर जाण्यायेण्याचा खर्च वेगळा नाही. शहरात राहणाऱ्याला दहा टक्क्यांत खोली मिळत नाही आणि गावात राहणाऱ्याचे पेट्रोल कोणत्याच टक्क्यात बसत नाही.

कायद्याला हा रस्ता दिसत नाही, असेही नाही. कर्मचारी राज्य विमा कायद्यात 2010 मध्ये दुरुस्ती झाली. घरून कामावर जाताना किंवा कामावरून घरी येताना झालेला अपघात, कामाशी त्याचा संबंध दाखवता आला, तर कामावरचाच अपघात मानला जातो. म्हणजे हाड मोडले की तो रस्ता नोकरीचा भाग ठरतो आणि पगाराच्या दिवशी तोच रस्ता खाजगी होतो.

इंदापूर तालुक्यातच याच्या उलटे उदाहरण आहे. 1930 च्या दशकात वालचंद हिराचंद यांनी कळंबच्या माळावर साखर कारखाना उभारला, तेव्हा यंत्रांबरोबर घरे, शाळा आणि दवाखानाही बांधला. त्यातूनच वालचंदनगर झाले. तो निव्वळ परोपकार नव्हता. माळावर घर नसते तर कामगार आलाच नसता. नोकरीला बांधलेले घर नोकरीबरोबर जाते, हा त्या पद्धतीचा तोटाही खराच, आणि ती पद्धत जशीच्या तशी परत आणावी असे कोणी म्हणणार नाही. पण कामगार राहील कुठे, हा प्रश्न कारखान्याचा आहे, एवढे तेव्हा मान्य होते. आज दुचाकी हप्त्यावर मिळते, म्हणून तो प्रश्न कामगाराच्या गळ्यात घालून सगळे मोकळे झाले आहेत.

करण्याजोगे बरेच आहे आणि त्यातले फारसे काही महाग नाही. एसटीने बारामती आगारातून पाळ्यांच्या वेळेला धरून, रात्री अकराच्या सुटीसकट, गाड्या सोडाव्यात. कारखान्यांनी कायम आणि कंत्राटी हा भेद न करता मासिक पासाचे पैसे द्यावेत. एमआयडीसीने भूखंड देताना पाणी आणि वीज विचारात घेतात तशी कामगारांची ने-आणही घ्यावी. आणि किमान वेतन ठरवणाऱ्या समितीने खर्चाच्या यादीत प्रवासाची एक ओळ घालावी. लोकप्रतिनिधींनी आपल्या भागात किती रोजगार आणले हे जरूर सांगावे. त्या रोजगारापर्यंत पोचायला कामगाराला महिन्याला किती पैसे मोजावे लागतात, तेही त्याच सभेत सांगावे.