संयुगांची परीक्षा कोठे व्हावी?

आपल्या वसतिगृहातून गेलेले काही विद्यार्थी आज रसायनशास्त्रात संशोधन करीत आहेत. त्यांपैकी अनेकांच्या प्रबंधाचा विषय एकाच जातीचा असतो : नवीन विषमवलयी संयुगे. ज्या रेणूच्या वलयात कार्बनसोबत नायट्रोजन, ऑक्सिजन वा गंधकाचा अणू गुंफलेला असतो, ते विषमवलयी संयुग. पेनिसिलिन, क्लोरोक्विन ही औषधे याच कुळातील. संयुग तयार झाले की ते रोगजंतूच्या प्रथिनाच्या खोबणीत कितपत घट्ट बसेल, याचे गणित संगणकावर मांडतात. त्यास ‘डॉकिंग’ म्हणतात. साधनसामग्री तुटपुंजी असलेल्या महाविद्यालयांना ही सोय मोठीच आहे, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो.

तथापि अनेक प्रबंध त्या आकड्यापाशीच थांबतात, आणि संयुग कुपीत पडून राहते.

आयसोनियाझिडचे असेच झाले होते. पिरिडीनचे वलय असलेले हे संयुग हान्स मेयर व योसेफ माली यांनी १९१२ मध्ये प्राग येथे तयार केले. क्षयावरील त्याचा गुण मात्र १९५२ च्या सुमारास जगाला कळला. मधल्या चाळीस वर्षांत क्षयाने किती घरे ओस पाडली असतील! शिवाय हा रेणू जंतूच्या शरीरात शिरल्यावर त्याच्याच एका विकरामुळे बदलतो आणि मगच मारक ठरतो. मूळ रेणू तेवढा संगणकावर बसवून पाहिला असता, तर त्याचे मोल ध्यानात आले असते, असे आम्हांस वाटत नाही. अलीकडचे बेडाक्विलिनही (अमेरिकेत मान्यता २०१२) प्रत्यक्ष जंतूंवर संयुगे तपासतानाच हाती लागले.

केवळ तर्काला पटते म्हणूनही काही स्वीकारू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले होते. डॉकिंग हा तर्कच आहे; सुबक, पण तर्क.

दोष विद्यार्थ्यांचा नाही. क्षयजंतू हाताळण्यास विशेष सुरक्षित प्रयोगशाळा लागते. ती प्रत्येक महाविद्यालयास परवडणार नाही. म्हणून विभागातील विद्यापीठांनी मिळून एक सामाईक चाचणी-केंद्र उभारावे, असे आमचे आग्रहाचे मत आहे. निष्फळ ठरलेल्या संयुगांची नोंदही तेथून प्रसिद्ध व्हावी; त्याने पुढच्या एखाद्या विद्यार्थ्याचे वर्ष वाचेल. तोवर आपल्या मुलामुलींनी विषय नोंदवितानाच मार्गदर्शकांना नम्रपणे विचारावे, की आमचे संयुग जंतूवर कोठे आणि केव्हा तपासले जाईल?