हमी कागदावर, दुरुस्ती मुंबईला

‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी आपल्या दुकानांतून अजून पुरती गेलेली नाही. तिच्या जोडीला आता गुळगुळीत, रंगीत वॉरंटी कार्ड आले आहे. पाटी निदान मोठ्या अक्षरात तरी असते. कार्डावरचा मजकूर वाचायला चष्म्यावर भिंग धरावे लागते. मी आयुष्यभर बँकेत बारीक अक्षरेच वाचली. कादंबऱ्या लिहू लागलो तरी ती खोड गेली नाही.

परवा बोईसरला माझ्या पुतण्याच्या मुलीने असेच एक कार्ड माझ्या हाती दिले. दोन वर्षांपूर्वी ती तारकर्लीला एमटीडीसीच्या केंद्रात स्कूबा डायव्हिंग शिकून आली आणि पहिल्या पगारातून स्वतःचा रेग्युलेटर घेतला. आपल्या पालघरच्या किनाऱ्यावर पाणी गढूळ. इथे बुडी मारून दिसणार काय? त्यामुळे वस्तू वर्षातले बहुतेक दिवस माळ्यावर. यंदा बाहेर काढली तर हवा गळू लागली. दुकानदाराने सांगितले, वर्षाच्या आत अधिकृत केंद्रात सर्व्हिसिंग केल्याची नोंद नाही, वॉरंटी संपली. ‘‘पण आजोबा, मी तो फक्त तीनदा वापरला! आणि त्यांनी तर गॅरंटी म्हणून सांगितलं होतं.’’

इथेच खरी गोम आहे. दुकानदाराच्या तोंडी ‘गॅरंटी’ असते, कागदावर ‘वॉरंटी’ छापलेली असते. बँकेत गॅरंटी म्हणजे तिसऱ्या माणसाने घेतलेली जबाबदारी. १८७२ च्या करार कायद्याने ती तशीच सांगितली आहे. १९३० च्या मालविक्री कायद्यात शर्त आणि वॉरंटी असा भेद आहे. शर्त मोडली तर माल नाकारता येतो. वॉरंटी मोडली तर नुकसानभरपाई मागता येते, पण तेवढ्यावर माल परत करता येत नाही. आणि कंपनीच्या कार्डात बहुधा ‘आम्ही दुरुस्त करू किंवा बदलून देऊ’ एवढेच वचन असते, तेही अटींवर.

त्या अटी सगळ्याच खोट्या नसतात, हे मान्य करायला हवे. रेग्युलेटर म्हणजे पाण्याखालचा आपला श्वास. टाकीतल्या हवेचा दाब सुमारे २०० बार, म्हणजे मोटारीच्या चाकातल्या हवेच्या जवळजवळ शंभर पट. तो दोन टप्प्यांत उतरवून तोंडाशी श्वास घेण्याजोगी हवा आणायची, हे त्या मूठभर यंत्राचे काम. आतले रबरी वायसर न वापरताही कडक होतात, राहिलेले खारे पाणी सुकून मिठाचे खडे होतात. तेव्हा दरवर्षी जाणत्या माणसाने ते उघडून पाहावे, ही अट जिवाच्या काळजीचीच आहे. माझी तक्रार वेगळी आहे. ही अट विकताना कुणी तोंडाने का सांगत नाही? आणि जे रबरी भाग आधी झिजतात, तेच वॉरंटीतून बहुधा वगळलेले का असतात?

हौशी मुलीचे ठीक आहे. एक सुट्टी बुडाली, एवढेच. पण हेच कार्ड सातपाटीच्या, मुरब्याच्या किंवा दांडीच्या नाखव्याच्या हाती येते, तेव्हा त्यावर घर चालायचे असते. इंजिन, जीपीएस, मासळीचा थवा दाखवणारे यंत्र, सगळ्यांबरोबर कार्डे येतात. बारा महिन्यांची मुदत. पण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होडी शाकारलेली. म्हणजे ३६५ दिवसांतले ६१ दिवस वॉरंटी किनाऱ्यावर बसून संपते. त्यात बोटीच्या इंजिनांच्या कार्डांत हौशी वापराला जास्त मुदत आणि धंद्याच्या वापराला कमी, असा भेद नेहमी आढळतो. ज्याचे पोट यंत्रावर, त्याचीच हमी तोकडी! इंजिन बिघडले तर अधिकृत मेकॅनिक मुंबईला. डहाणू लोकलने दोन-अडीच तास जायचे, तेही सुटा भाग पाठीवर घेऊन. आणि इकडे तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत हाताला सराव असलेले फिटर पावलोपावली. त्यांतल्या कुणी नट उघडला की कार्ड रद्द.

कायदा इतका कोरडा नाही. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार ‘ग्राहक’ नव्हे, असे दुकानदार ऐकवतात. पण स्वतःच्या कष्टाने पोट भरण्यासाठी यंत्र घेणारा ग्राहकच आहे, आणि एक-दोन माणसे मदतीला असली म्हणून त्याचा हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंगच्या निकालात स्पष्ट केले. चार-चार बोटींचा मालक त्यात बसेलच असे नाही. स्वतः समुद्रात जाणारा नाखवा आपली बाजू नक्की मांडू शकतो. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायद्याने आणखी एक सोय केली. माल मुंबईत घेतला असला तरी तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे करता येते. मुदत दोन वर्षांची. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करून पाहावा.

पण आयोगात जिंकूनही हंगाम परत येत नाही. म्हणून खरा उपाय दुरुस्ती जवळ आणण्याचा आहे. २४ डिसेंबर २०२२ रोजी केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले, तेव्हा त्यात शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने अशी चार क्षेत्रे होती. शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरशेजारी कोळ्याच्या इंजिनाला जागा का नसावी? मच्छीमार सहकारी संस्थांनी एकत्र खरेदी करताना कंपनीला अट घालावी : आमच्या गावचे दोन फिटर तुम्ही शिकवून अधिकृत करा, बंदीचे दिवस मुदतीत मोजू नका, मगच ऑर्डर. एकट्या नाखव्याचे कुणी ऐकणार नाही; पंचवीस इंजिने एकदम घेणाऱ्याचे ऐकतात. बँकेच्या खुर्चीवरून मी हे पुष्कळदा पाहिले आहे.

आणि आपण घरच्या माणसांनी, वस्तू पाण्यात न्यायची असो की स्वयंपाकघरात, किंमत विचारण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. दुरुस्त कोण करणार? कुठे? आणि तोवर माझे काम कशावर चालवायचे? उत्तर बिलावर लिहून मागावे. जो लिहून देतो, त्याच्याकडून दोन पैसे जास्त देऊन घ्यावे. जो नुसता हसतो, त्याची हमी किती वर्षांची आहे हे विचारण्यात अर्थ नाही.