धावणाऱ्याचा रविवार कोणाच्या खर्चाने?

दरवर्षी जानेवारीत मुंबईची मॅरेथॉन पार पडली की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून एका ठराविक साच्याचे लेख येऊ लागतात. साठी ओलांडलेले एखादे सेवानिवृत्त गृहस्थ ४२.१९५ किलोमीटर धावून आलेले असतात. त्यांची पहाटे चारची शिस्त, त्यांचा आहार, त्यांची जिद्द यांचे साग्रसंगीत वर्णन होते आणि अखेरच्या परिच्छेदात एक वाक्य हमखास येते : पत्नीच्या भक्कम साथीशिवाय हे शक्य झाले नसते. हे वाक्य शब्दशः खरे आहे. परंतु त्याचा अर्थ ना लिहिणाऱ्याला उमगलेला असतो, ना छापणाऱ्याला. एखाद्या गिरणीच्या वार्षिक अहवालात 'कामगारांच्या भक्कम साथीशिवाय हा नफा शक्य झाला नसता' असे छापून मजुरीचा रकाना कोरा ठेवला, तर आपण त्या गिरणीमालकाला काय म्हणू?

या विषयावर बोलण्याचा मला थोडा अधिकार आहे. पस्तीस वर्षे मी अर्थशास्त्र शिकवले आणि गेली नऊ वर्षे मी एका दीर्घ पल्ल्याच्या धावपटूची पत्नी आहे. (लग्नाला अडतीस वर्षे झाली, धावणे मागाहून आले.) अर्ध्या मॅरेथॉनवरून पूर्ण मॅरेथॉनवर आणि तेथून आता माझ्या पतींची दृष्टी 'कॉम्रेड्स' नावाच्या शर्यतीवर गेली आहे. या साप्ताहिकाच्या वाचकाला ते नाव वाचून भलतीच आशा वाटू नये म्हणून सांगते : पहिल्या महायुद्धातील सैनिकांच्या स्मरणार्थ १९२१ साली दक्षिण आफ्रिकेत ती सुरू झाली. दर्बान आणि पीटरमॅरित्झबर्ग या दोन शहरांमधले सुमारे ९० किलोमीटर अंतर बारा तासांच्या आत कापावे लागते. स्त्रियांना आणि कृष्णवर्णीयांना तिच्यात अधिकृत प्रवेश मिळाला तो १९७५ साली. म्हणजे चोपन्न वर्षे हे कॉम्रेडपण गोऱ्या पुरुषांपुरतेच होते.

अशा शर्यतीच्या तयारीच्या काळात घर कसे चालते? पहाटे पावणेचारला गजर होतो. गजर एकाचा, झोपमोड तिघांची. कारण सासूबाईंची झोप सावध, आणि अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी एकदा जाग आली की त्यांना चहा लागतो. साडेपाचला महापालिकेचे पाणी येते आणि साडेसातला जाते. नेमक्या त्या दोन तासांत घरातला एकमेव धडधाकट पुरुष वेताळ टेकडीच्या चढावर असतो. परतल्यावर घामाने निथळणारे कपडे वेगळ्या बादलीत भिजवावे लागतात, ते इतर धुण्यात घालता येत नाहीत. रविवारी तीस-पस्तीस किलोमीटरची लांब दौड. तिच्यासाठी शनिवारी रात्री साडेसातला जेवण आणि नऊला दिवे बंद. त्यामुळे शनिवारची नाटके, बारशी, स्वागतसमारंभ यांना गेली चार वर्षे मी एकटी जाते; नातेवाईक आता 'ते कुठे?' असे विचारीतही नाहीत. रविवारी दहा वाजता स्वारी घरी येते, भिंतीला पाय लावून पडते, मग उकडलेले बटाटे आणि मीठ, मग नाचणीचे सत्त्व, मग दोन तास झोप. गुडघा दुखू लागला की घराचे हवामानच पालटते. त्या आठवड्यात कोणी कोणत्याही विषयावर मोठ्याने बोलू नये.

जानेवारी ते मे अशा बावीस आठवड्यांची मी एक वही ठेवली. प्राध्यापकी खोड म्हणा. त्यांच्या धावण्याचे तास आठवड्याला दहाच्या आसपास भरतात, आणि त्यांच्या मनगटावरचे महागडे घड्याळही तेवढेच सांगते. पण तयारी, जाणे-येणे, स्नायू ताणण्याचे व्यायाम, आणि थकव्याची झोप धरली की तो आकडा वीसच्या घरात जातो. या वीस तासांत घरातली जी कामे थांबत नाहीत, म्हणजे सासूबाईंना उठवणे, त्यांची आंघोळ, पाणी भरणे, बाजार, गॅस, औषधे, ती सर्व दुसऱ्या माणसाच्या खात्यावर पडतात. गेल्या मार्चमध्ये एका रविवारी सासूबाई न्हाणीघरात घसरल्या. मी दूध आणायला खाली उतरले होते आणि त्यांचे चिरंजीव खडकवासल्याच्या पुढे होते. सुदैवाने हाड मोडले नाही. संध्याकाळी भेटायला आलेल्या प्रत्येक नातेवाइकाने 'तू कुठे होतीस गं?' हा प्रश्न मला विचारला. त्यांना तो कोणीही विचारला नाही.

माझे पती दुष्ट नाहीत, हे येथेच नोंदवते. 'बायकोला मदत करणारा माणूस' अशी आमच्या इमारतीत त्यांची ख्याती आहे. या 'मदत' शब्दातच सारी मेख आहे. ज्याचे काम असते त्याला मदत केली जाते, आणि काम कोणाचे हे आधीच ठरलेले असते.

आता हा एका घराचा किस्सा आहे काय? केंद्र सरकारच्या वेळ-वापर पाहणीचे आकडे पाहावेत. घरातले बिनमोल काम करणाऱ्या स्त्रिया २०१९ साली त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवीत होत्या, पुरुष ९७ मिनिटे. २०२४ च्या पाहणीत स्त्रियांची मिनिटे २८९ झाली आणि पुरुषांची ८८. स्त्रियांची दहा मिनिटे वाचली याचा आनंद करण्यापूर्वी हे लक्षात घ्यावे की पुरुषांनीही आपली नऊ मिनिटे काढून घेतली आहेत. शिवाय ही ८८ मिनिटे सर्व पुरुषांची सरासरी नव्हे, जे असे काही काम करतात त्यांचीच. आणि असे पुरुष शंभरात सत्तावीसच्या आसपास आहेत. उरलेल्या त्र्याहत्तरांचे जेवण, धुणे, अंथरूण यांची सोय कोण करते, हे सांगण्यासाठी पाहणीची गरज नाही.

आमच्या शास्त्राने या प्रश्नाला सतत बगल दिली आहे. पिगूने १९२० सालीच दाखवून दिले होते की एखाद्या गृहस्थाने आपल्या पगारी गृहव्यवस्थापिकेशी विवाह केला, तर काम तेवढेच राहून राष्ट्रीय उत्पन्न मात्र घटते. वर्गात हे उदाहरण सांगितले की मुले हसत, आणि आम्ही पुढच्या प्रकरणाकडे वळत असू. त्याच न्यायाने धावपटूचे बूट, प्रवेशशुल्क, विमानाचे तिकीट, हे सर्व राष्ट्रीय उत्पन्नात जमा होते आणि ज्या तासांवर हा डोलारा उभा आहे ते तास कोठेच दिसत नाहीत. गॅरी बेकरने १९६५ साली वेळाच्या वाटपाचा सिद्धांत मांडून घरातल्या वेळाला अर्थशास्त्रात जागा दिली, हे त्याचे श्रेय आहे. पण त्याच्या हातून घर म्हणजे एकच मन असलेली एक पेढी बनली. त्या पेढीतले एक भागीदार पहाटे टेकडीवर असतात आणि दुसरी नळाशी असते, हा भेद त्या समीकरणात विरून जातो.

यावर ठरलेले उत्तर येते : 'दारू पिण्यापेक्षा बरे नाही का?' शेजारी म्हणतात, भाऊ म्हणतो, खुद्द सासूबाईही म्हणतात. अर्थात बरे आहे. पण ज्या समाजात नवऱ्याची योग्यता दारूच्या शून्य अंशापासून मोजली जाते, तेथे जे मिळेल त्याला बायकोने कृपाच मानावी, असा या उत्तराचा अर्थ होतो. बायकोविषयी बोलताना ही मोजपट्टी कोणी काढीत नाही. आमच्याच भागातल्या एक माध्यमिक शिक्षिका अशाच लांब पल्ल्याच्या धावतात. त्या सव्वातीनला उठतात, दोन डबे आणि एक भाजी करून मगच बूट घालतात, आणि साडेसहाच्या आत परत येतात, कारण मुलीची बस पावणेसातला असते. त्यांच्या पतींना कोणी 'भक्कम साथ' विचारलेली नाही. 'तुम्ही पळू देता हो!' असे मात्र कौतुकाने म्हटले जाते. धावणारा पुरुष घराकडून वेळ घेतो आणि धावणारी स्त्री स्वतःच्या झोपेतून वेळ काढते. बारामतीच्या लता करे यांनी पतीच्या उपचारासाठी पैसे हवेत म्हणून नऊवारी लुगड्यात, अनवाणी धावून शर्यत जिंकली. २०२० साली त्यांच्यावर चित्रपट निघाला, तोही चांगलाच झाला. पण औषधपाण्यासाठी वृद्ध स्त्रीला शर्यतीत उतरावे लागते या व्यवस्थेबद्दल संताप येण्याऐवजी आपल्याला प्रेरणा मिळाली, याचे मला आजही नवल वाटते.

धावण्यावर माझा आक्षेप नाही, हे पुन्हा सांगायला हवे. माणसाने पोटापाण्याच्या कामाबाहेर, कोणाच्या हुकमाविना, केवळ स्वतःच्या आनंदासाठी आपले शरीर राबवावे, हे समाजवादी स्वप्नाच्या विरोधी नसून त्या स्वप्नाचाच भाग आहे. आपल्या चळवळीने वेळासाठी जितके रक्त आटवले तितके क्वचितच दुसऱ्या कशासाठी आटवले असेल. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी आठवड्याच्या सुट्टीची मागणी लावून धरली. एप्रिल १८९० मधल्या त्यांच्या प्रचंड सभेत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली, आणि त्याच वर्षी १० जूनला मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज लाखो लोक ज्या रविवारी टेकडीवर, रस्त्यावर धावतात, तो रविवार असा मिळालेला आहे. त्या सभेत बोललेल्या दोघींना घरी गेल्यावर रविवार मिळाला असेल काय? गिरणीतली सुट्टी मिळाली असेल, चुलीपासूनची नाही.

आणि जो रविवार मिळाला तोही आता सुरक्षित नाही. जानेवारी २०२५ मध्ये एका बलाढ्य कंपनीच्या अध्यक्षांनी आठवड्याला नव्वद तास कामाची अपेक्षा व्यक्त करताना, रविवारी घरी बसून बायकोकडे किती वेळ पाहणार, असा प्रश्न केला होता. त्याच वर्षी सप्टेंबरात महाराष्ट्र मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाची दैनिक मर्यादा नऊ तासांवरून बारावर नेण्याच्या प्रस्तावाला मान्यता दिली. बारा तास यंत्राशी उभा राहिलेला माणूस कोणत्या टेकडीवर धावणार आहे? अध्यक्षमहाशयांच्या प्रश्नावर देशभर विनोद झाले, पण रविवारी ती बायको काय करीत असते, हे त्या विनोदांतही कोणी विचारले नाही.

आमच्या घरातल्या साखळीची आणखी एक कडी आहे, आणि तिच्याविषयी न बोलणे अप्रामाणिकपणाचे होईल. धावपटूचे कपडे मी भिजवते, पण धुतात त्या आमच्याकडे येणाऱ्या बाई. त्या पाच घरे करतात. रोज किती चालतात, किती जिने चढतात, याची नोंद ठेवणारे घड्याळ त्यांच्याकडे नाही. १९८० साली पुण्यातल्या मोलकरणींनी वेतनवाढीसाठी आणि रजेसाठी संप केला, तेव्हा मध्यमवर्गीय पुण्याला मोठाच धक्का बसला होता. महाराष्ट्रात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा २००८ मध्ये झाला. परंतु आठवड्याची पगारी सुट्टी हा हक्क त्या कायद्यानेही दिलेला नाही. लोखंड्यांच्या विजयाला एकशे पस्तीस वर्षे उलटून गेली, आणि हा वर्ग अजून रविवारच्या बाहेर आहे. मी माझ्या पतींकडे रविवार मागते तेव्हा बाईंना तो द्यायला मी बांधलेली आहे. गेल्या जूनपासून आमच्याकडे रविवारी धुणे-भांडी ज्याची त्याने करायची असतात.

आमच्या पक्षातले काही जुने मित्र म्हणतील, देशात एवढे ज्वलंत प्रश्न असताना बाईंनी हे काय मध्यमवर्गीय गाऱ्हाणे काढले! त्यांना १९७२ ची आठवण करून देते. मृणाल गोरे आणि अहिल्याबाई रांगणेकर यांनी महागाईविरुद्ध स्त्रियांना लाटणी घेऊन रस्त्यावर आणले, तेव्हाही काही मंडळींना लाटणे हे राजकारणाचे हत्यार वाटले नव्हते. स्वयंपाकघरात तेल नाही हा राजकीय प्रश्न होऊ शकतो, तर स्वयंपाकघरात वेळ नाही हा का होऊ नये? तेलाच्या बाबतीत सरकार समोर होते. वेळाच्या बाबतीत समोर आपण स्वतः असतो, एवढाच काय तो फरक, आणि अडचण तीच असावी.

मी घरात मागणी ठेवली आहे ती साधी आहे. एकाआड एक रविवार माझा. त्या दिवशी लांब दौड नाही. सासूबाईंचे उठणे-बसणे, पाणी, स्वयंपाक सारे त्यांच्याकडे, आणि मी कोठे असेन हे विचारायचे नाही. यावर प्रशिक्षकाचे वेळापत्रक बिघडते, असा युक्तिवाद झाला. सहा महिन्यांच्या त्या छापील तक्त्यात धावणे, विश्रांती, आहार, झोप या सर्वांचे रकाने आहेत, घराचा नाही. तो एक रकाना पेन्सिलीने आखून मी तक्ता पुन्हा भिंतीवर लावला आहे. वाटाघाटी चालू आहेत.

आणि विषय निघालाच आहे तर आपल्या शाखेपुरते एक सुचवते. मासिक बैठक रविवारी सकाळी नऊला असते. गेल्या बारा महिन्यांच्या हजेरीपुस्तकात स्त्री सभासदांच्या सह्या किती आहेत, त्या चिटणीसांनी मोजाव्यात आणि पुढच्या बैठकीत वाचून दाखवाव्यात.